मुंबईतली संध्याकाळची सहल: गेटवेपासून निघा, मावळतीकडे चला

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात मुंबईत त्यांना एकच संध्याकाळ मोकळी मिळतेय. बरोबर यजमान, सत्तरीच्या सासूबाई (गुडघे दुखतात), नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने परतायचंय. समोर ‘सनसेट सिटी टूर’ नावाच्या दोन जाहिराती आहेत. एकीत तीन तासांत गाडीतून दहा-बारा ठिकाणं, दुसरीत फोर्टमधून पायी फेरी. कोणती घ्यावी, गाइडला पैसे द्यावेत की फोनवर वाचत फिरावं, आणि सूर्यास्त नेमका कुठून बघावा?

मी बरीच वर्षं लोकांना संध्याकाळी फोर्टातून फिरवतो, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वरचेवर येतो. माझं उत्तर असं: फेरी पायीच घ्या, पण सगळी पायी नको. मधले दोन टप्पे काळीपिवळी टॅक्सीने करा. गाइड घ्या, पण घेण्याआधी त्याला दोन-तीन प्रश्न विचारा, ते पुढे देतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेरी गेटवेला सुरू होऊन शहराच्या दुसऱ्या बाजूच्या समुद्राकडे, मरीन ड्राइव्हला, सूर्यास्ताशी पोचणारी हवी. ज्या फेरीत सूर्यास्ताला गेटवेवर उभं केलं जातं ती घेऊ नका.

याचं कारण सोपं आहे, तरी जाहिराती करणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. गेटवे ऑफ इंडिया मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. समोर बंदर, पलीकडे घारापुरी आणि उरणची बाजू. तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. संध्याकाळी सूर्य ताज हॉटेलच्या मागे जातो आणि गेटवेच्या चौकात दिवस मावळायच्या बऱ्याच आधी सावली पसरते. ‘गेटवेवर सूर्यास्त’ अशा मथळ्याखाली जे फोटो दिसतात त्यातले पुष्कळसे पहाटेचे असतात. बोटीतून पाण्यात गेलात तर गोष्ट वेगळी. तिथून मागे वळून पाहिलं की गेटवे आणि ताज काळे दिसतात आणि त्यांच्या मागे आकाश पेटलेलं असतं. पण त्या बोटीबद्दल नंतर बोलू.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी लोकांना ही फेरी सुचवतो. सूर्यास्ताची सहल म्हटलं की सगळे सूर्याकडे बघायला जातात. दक्षिण मुंबईत मात्र शेवटच्या दीड तासात बघायचं असतं ते सूर्याच्या विरुद्ध दिशेला. कारण इथल्या सगळ्यात देखण्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली, मोकळ्या झालेल्या जागेत मैदानं राहिली आणि मैदानाच्या कडेने जुनं सेक्रेटरिएट, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट अशी रांग उभी राहिली. तेव्हा समोर, आजच्या ओव्हल मैदानाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर, समुद्र होता. मरीन ड्राइव्ह, चर्चगेटच्या पश्चिमेच्या वसाहती हे सगळं नंतर भराव घालून झालेलं. म्हणजे या इमारती समुद्राकडे बघत बांधलेल्या आहेत. सकाळी त्यांच्या तोंडावर सावली असते, दुपारी ऊन डोक्यावरून पडतं आणि नक्षी सपाट दिसते. संध्याकाळी मात्र तिरपं ऊन सरळ कमानींत शिरतं आणि प्रत्येक खांब, प्रत्येक जाळी सुटी दिसायला लागते.

म्हणून वेळ ठरवताना घड्याळ उलटं मोजायचं. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्यात लवकर, सहाच्या आसपास होतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात उशिरा, सव्वासातनंतर. तुमच्या डिसेंबरात सहा ते सहा-दहा धरा. त्यातून अडीच तास वजा करा: साडेतीनला गेटवे. साडेचार ते सव्वापाच ओव्हल. पाऊणेसहाला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बूड टेकलेलं हवं. ज्या टूरवाल्याची ‘सनसेट’ फेरी बारा महिने एकाच वेळेला सुरू होते त्याने पंचांगाकडे बघितलेलं नाही असं खुशाल समजा.

गेटवेला चाळीस मिनिटं पुरतात, त्यातली काही सुरक्षा तपासणीच्या रांगेत जातात. मोठ्या बॅगा बरोबर नकोत. तुम्ही सीएसएमटीला उतरणार आणि तिथूनच परत जाणार, तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. गेटवे अधूनमधून सरकारी किंवा नौदलाच्या कार्यक्रमांसाठी बंद असतो, आणि ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास तर ही शक्यता जास्त, तेव्हा गाइडला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

इथे काय बघायचं? राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली इथे उतरले म्हणून ही कमान, हे पाटीवरच आहे. पण ते उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा, जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्यापेक्षा जाणाऱ्यांनीच ती जास्त गाजवली: २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, याच कमानीतून बोटीत बसली. मुलांना जवळ नेऊन बाजूच्या जाळ्या दाखवा. कमान गुजराती धाटणीची, दगड पिवळसर बेसॉल्ट. आणि पाठ फिरवली की अश्वारूढ शिवाजी महाराज, १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी अनावरण झालेले. आपल्याकडचे लोक गेटवेइतकेच फोटो तिथे काढतात, आणि ते योग्यच आहे.

ताज बाहेरूनच बघायचा. १६ डिसेंबर १९०३ ला उघडला, म्हणजे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी थोरला. इथेच गाइडची पहिली परीक्षा घेता येते. त्याला विचारा, “ताज उलटा बांधला गेला, हे खरं का?” गोष्ट अशी सांगतात की आराखडा उलटा वाचला गेला, हॉटेलची पाठ समुद्राकडे आली आणि धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला. हे थोतांड आहे. मूळ दार शहराकडच्या बाजूला होतं, ते मुद्दामच, कारण पाहुणे घोडागाडीने शहरातून यायचे. आराखड्याचं काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, आणि पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. वैद्य हे नाव सोलापूरच्या मुलांना मुंबईत सांगायलाच हवं, आणि बहुतेक गाइड सांगत नाहीत. जो गाइड उलट्या ताजची गोष्ट छातीठोक सांगेल तो पुढे आणखीही तसंच सांगणार.

दुसरी परीक्षा सीएसएमटीची. “हा आराखडा मेलबर्नच्या स्टेशनसाठी होता आणि टपालात अदलाबदल झाली” अशी एक लोकप्रिय थाप आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी ही इमारत याच जागेसाठी काढली. तिसरा प्रश्न साधा: “तुम्ही सूर्यास्ताला कुठे उभं करणार, आणि का?” याचं उत्तर महिन्याप्रमाणे बदललं पाहिजे. ते का, ते मरीन ड्राइव्हवर पोचलो की सांगतो.

गेटवेहून ओव्हलपर्यंत रमतगमत दीड-एक किलोमीटर पडतं. मध्ये रीगल सिनेमा, वेलिंग्टन कारंजं, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा. सासूबाईंना रीगलपर्यंत चालवा, तिथून टॅक्सीने काळ्या घोड्याला न्या. भाडं फार होत नाही, पण इतक्या जवळ यायला काही टॅक्सीवाले कुरकुर करतात, तेव्हा आधी बोलून बसा. वस्तुसंग्रहालयात आज शिरायचं नाही. तिथे अर्धा दिवस जातो. बाहेरून घुमट दाखवा आणि सांगा की इमारत १९१४ साली बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचा दवाखाना केला, म्हणून लोकांसाठी ती उघडली थेट १९२२ मध्ये.

काळ्या घोड्यापाशी थोडं थांबा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली इथून हलवला. तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. नाव मात्र राहिलं, आणि २०१७ मध्ये इथे नवीन काळा घोडा बसवला, बिनस्वाराचा. समोर जी पडायला आलेली लोखंडी सांगाड्याची इमारत दिसते ती एकेकाळचं वॉटसन हॉटेल. तुमच्या नववीतल्या मुलासाठी ही जागा आहे. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली, पॅरिसच्या खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. इमारत बघून कुणालाही यातलं काही सुचणार नाही. गाइड लागतो तो अशा जागी. ताज ओळखायला गाइड लागत नाही.

आता ओव्हल. इथे निवांत वेळ द्या, बाकीची ठिकाणं आटपली तरी चालतील.

मैदानाच्या मधून जी पायवाट जाते तिच्यावर, साधारण मध्यावर उभं राहा. फुटपाथवरून बघू नका, झाडं आड येतात. पूर्वेला तोंड करा. डाव्या हाताला हायकोर्ट, समोर राजाबाई, उजवीकडे दीक्षान्त सभागृह आणि जुनं सेक्रेटरिएट. पाठीमागे १९३० च्या दशकातल्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा म्हणून घेतल्या, मरीन ड्राइव्हसकट एकूण ९४ इमारती. एका मैदानाच्या दोन काठांवर दोन शतकं समोरासमोर उभी आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली नवी रांग जुनीच्या उन्हात येते. सूर्यास्त जवळ आला की पाठच्या इमारतींची सावली मैदान ओलांडते, समोरच्या भिंतींच्या पायाशी पोचते आणि भिंतीला ओल चढावी तशी वर सरकू लागते. आधी हायकोर्टाचे खालचे व्हरांडे विझतात, मग मधले मजले. सगळ्यात शेवटी राजाबाईचं टोक तेवढं पिवळं राहतं. मुलांना सांगा, सावली आत्ता कुठल्या मजल्यावर आहे ते ओळखा आणि पाच मिनिटांनी परत बघा. फोन खिशात जातो, हमखास.

राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच. इंग्लंडचे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला न येताच तो काढला. १८६९ ला काम सुरू, १८७८ ला पुरं. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि त्या धर्मनिष्ठ जैन, सूर्यास्तानंतर जेवायच्या नाहीत. टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची. ही दंतकथा असली तरी उभं राहून ऐकायला याहून योग्य वेळ दुसरी नाही, म्हणून मी ती इथेच आणि याच वेळेला सांगतो, ‘असं सांगतात’ म्हणूनच. दुर्बीण असेल तर टॉवरच्या अंगावरचे पुतळे बघा. राजेराण्या नाहीत, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं आहेत, आपापल्या पगड्या-पागोट्यांत. मुकुंद रामचंद्र या आपल्याच अभियंत्याने त्यांचे नमुने घडवले.

हायकोर्ट कर्नल जेम्स फुलर यांचं, तेही १८७८ चं. वर न्याय आणि दया यांचे पुतळे. आतल्या नक्षीत एका खांबावर डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू धरून बसलंय, असं वकील मंडळी हसत सांगतात. आत जाता येणार नाही, ते संध्याकाळी बंद असतं, आणि गेटवर कॅमेरा काढू नका. पण मुलांना एवढं नक्की सांगा की १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथे चालला आणि इथून त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवलं. ओव्हलच्या दोन बाजूंच्या रस्त्यांना कर्मवीर भाऊराव पाटील आणि महर्षी कर्वे यांची नावं आहेत, तीही त्यांना वाचू द्या.

सव्वापाचला तिथून उठा. यात आळस नको, कारण साडेपाचनंतर कचेऱ्या सुटतात आणि फोर्टातलं सगळं माणूस चर्चगेटकडे लोटतं. कामाच्या दिवशी सहाला वीर नरिमन रोड सत्तरीच्या बाईंना ओलांडायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. भुयारी मार्ग वापरा. पायऱ्या नको असतील तर ओव्हलहूनच टॅक्सी करा, ही तुमची दुसरी टॅक्सी. रविवार असेल तर फोर्ट निवांत मिळतं, मात्र गेटवे आणि मरीन ड्राइव्ह तुंबलेले. निवड करायची तर मी रविवारच घेईन. आणि हो, स्वच्छतागृहाचं काम चर्चगेट स्टेशनवर उरकून घ्या. कट्ट्यावर बसल्यावर आठवण झाली तर सूर्यास्त हुकतो.

मरीन ड्राइव्हवर नेमकं कुठे बसायचं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. हा किनारा सरळ नाही, वाटोळा आहे, आणि पश्चिमेच्या बाजूला मलबार हिल समुद्रात घुसलेलं आहे. सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. मुंबईत तो जूनमध्ये पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला सरकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. त्यामुळे चर्चगेटसमोरच्या कट्ट्यावरून उन्हाळ्यात सूर्य मलबार हिलच्या इमारतींमागे जातो, हिवाळ्यात मोकळ्या समुद्रात. गिरगाव चौपाटीच्या वाळूवरून तो बहुतेक वर्षभर टेकडीआडच जातो, म्हणून भेळ चौपाटीवर खा पण सूर्यास्त तिथून बघू नका. नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्यगृहांच्या संकुलाच्या बाजूला, बाराही महिने समोर पाणी असतं. तुम्ही डिसेंबरात येताय म्हणजे चर्चगेटसमोरही चालेल. मे महिन्यात आला असतात तर मी टोकाला पाठवलं असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाइडने असं द्यायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे हिरमोड नको. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या क्षितिजावर धुरकट पट्टा असतो. सूर्य पाण्याला टेकत नाही, टेकायच्या आधीच त्या पट्ट्यात लालसर होऊन विरून जातो. पोस्टरवरचं दृश्य हवं असेल तर पाऊस ओसरल्यावरचे दिवस चांगले, आकाश धुतलेलं आणि ढगही शिल्लक. भर पावसाळ्यात सूर्यास्ताच्या नावाने पैसे घेणारी फेरी कुणी विकली तर घेऊ नका. त्या दिवसांत मरीन ड्राइव्हला लाटा बघायला जावं, तेही भरतीच्या वेळी कट्ट्यापासून लांब राहून. सिमेंटच्या त्या चौपायी दगडांवर मात्र कुठल्याच ऋतूत उतरू नका, मुलांना उतरू देऊ नका. शेवाळ असतं आणि फटींमध्ये पाय अडकतो.

सूर्य गेला की अर्धे लोक उठतात. तुम्ही बसून राहा. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाशात उजेड असतो आणि रस्त्यावरचे दिवे लागतात, दोन्ही एकाच वेळी. चौपाटीकडे वळत जाणारी ती दिव्यांची माळ, राणीचा कंठहार म्हणतात ती, काळ्या रात्रीपेक्षा या निळ्या वेळेत जास्त खुलते. २०१५ मध्ये इथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते. मुंबईकरांनी इतका आरडाओरडा केला की पिवळसर छटा परत आणावी लागली. मुलांना कंटाळा आला तर जवळच, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तमचं वेफरमधलं आइस्क्रीम मिळतं. त्याची लाच चालते.

गाडीच्या फेरीत हँगिंग गार्डन, हाजी अली, अंबानींचं घर आणि सी लिंकही असतं ना? यातल्या एकाचं मी समर्थन करीन. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधून खाली दिव्यांची पूर्ण माळ दिसते. पण तिथून बघताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणजे जायचं ते सूर्यास्तानंतर, दिवे लागल्यावर. संध्याकाळच्या वाहतुकीत तिथे जाऊन परत सीएसएमटी गाठणं तुमच्या वेळेत बसेल, पण धावपळ होईल. अंबानींच्या घरापाशी गाडी थांबू देत नाहीत, सी लिंकवर थांबणं मनाईच आहे. काचेतून फोटो काढायचे आणि यादीत खूण करायची, एवढंच. दहा-बारा ठिकाणं तीन तासांत म्हणजे एकेका ठिकाणी पंधरा मिनिटं, त्यातली दहा पार्किंगची.

उघड्या छताच्या बसची चौकशी बरेच जण करतात. ती नीलांबरी आता नाही. बेस्टच्या जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये आणि उघड्या छताच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. नव्या दुमजली बस विजेवरच्या, वातानुकूलित आणि काचबंद आहेत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सासूबाईंसाठी वाईट पर्याय नाही, पण ओव्हलवरची ती सावली बसमधून दिसणार नाही.

बोटीचं सांगायचं राहिलं. गेटवेहून बंदरात छोटी चक्कर मारणाऱ्या बोटी असतात. सूर्यास्ताची वेळ साधली तर दृश्य उत्तमच, पण मग ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह दोन्ही सोडावे लागतात. शिवाय बोटीत चढता-उतरताना पायऱ्या ओल्या असतात आणि बोट हलत असते, म्हणून गुडघेदुखीच्या माणसाला मी नेत नाही. गेलातच तर आधी लाइफ जॅकेट अंगावर, मगच बोट सुटेल, असं ठणकावून सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात होऊन माणसं गेली, त्यानंतर सक्ती झाली आहे, पण उकाड्यात लोक जॅकेट काढून ठेवतात. मुलांनी काढायचं नाही.

साडेसहाला मरीन ड्राइव्ह सोडा आणि टॅक्सीने सीएसएमटीला या. मेट्रो ३ ने चर्चगेटहून हुतात्मा चौक आणि मग सीएसएमटी असंही येता येतं, पण ती गाडी खोल जमिनीखाली आहे आणि स्टेशनात चालणं बरंच होतं. टॅक्सीवाल्याला हुतात्मा चौकातून घ्यायला सांगा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, शेजारी शेतकरी-कामगारांचं मशाल धरलेलं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला होता. इंग्रजी माध्यमाच्या गाइडांच्या फेरीत हे एका वाक्यात उरकतं. मराठी गाइड मागून घेण्याचं माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं कारण आहे. माहिती सगळ्यांकडे सारखीच असते, पण कुठे किती थांबायचं ते वेगळं असतं.

सीएसएमटी मुद्दाम शेवटी ठेवलंय. १८७८ ला पायाभरणी, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला तिचं नाव दिलं, १८८८ ला काम पुरं. २००४ पासून जागतिक वारसा. अंधार पडल्यावर दिवे सोडतात तेव्हा समोरच्या महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने बघा. तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची, त्यामुळे एका माणसाची दोन कामं रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. मग रस्ता ओलांडून फाटकाशी या. एका खांबावर सिंह, एकावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. चौथीतल्या मुलीला आता मोकळं सोडा आणि भिंतीवरचे प्राणी मोजायला सांगा: माकडं, मोर, पाली, तोंड वासलेले काल्पनिक प्राणी, पानांत दडलेले पक्षी. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. खांबांच्या टोकांवरची नक्षीही दाखवा. दिव्यांच्या खालून येणाऱ्या उजेडात ते दिवसापेक्षा जास्त स्पष्ट दिसतात. वर घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे, ती मात्र लांबूनच दिसते.

गाइडचे पैसे. खुल्या गटातल्या फेरीला माणशी काही शे रुपये पडतात, फक्त तुमच्या कुटुंबासाठी घेतलात तर काही हजार. तुमच्या बाबतीत मी खासगीच सुचवीन, कारण वीस जणांचा गट सासूबाईंच्या चालीने चालणार नाही आणि त्यांना सारखं ‘माझ्यामुळे उशीर होतोय’ असं वाटत राहील. ठरवताना विचारा: टॅक्सी आणि तिकिटं धरून की वेगळी, पाऊस किंवा बंद रस्ते असतील तर काय, आणि फेरी कुठे संपते. पर्यटन मंत्रालयाचं गाइडचं ओळखपत्र असलं तर उत्तम, पण फोर्टात कुठलंही ओळखपत्र नसलेले, मात्र मन लावून वाचलेले तरुण गाइडही चांगले भेटतात. आगाऊ सगळी रक्कम मागणाऱ्याला अर्धीच द्या. वाटेत ‘माझ्या ओळखीचं दुकान’ निघालं की हसून नाही म्हणा. तिथे जाणारी वीस मिनिटं ओव्हलच्या वाट्याची असतात.

सिद्धेश्वर सुटायला तुमच्याकडे भरपूर वेळ उरेल. स्टेशनासमोर आरामचा वडापाव आहे, पलीकडच्या गल्लीत पंचम पुरीवाला. सासूबाईंना स्टेशनात प्रतीक्षालयात बसवून एकाने खायला आणलं तरी चालेल. क्लोकरूमची पावती मात्र यजमानांकडे न देता तुमच्या पर्समध्ये ठेवा.